निवड झाली, सूत्रे केव्हा?

समजा, बेंगळुरूतील एका मराठी मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्टमधील एका रविवारी पार पडली. नव्या कार्यकारिणीची नावे पुकारली गेली, टाळ्या झाल्या, मावळत्या अध्यक्षांना शाल-श्रीफळ देण्यात आले आणि सभासद बटाटेवडा व कॉफी घेऊन घरोघर गेले. गणेशोत्सव तीन आठवड्यांवर आलेला. सोमवारी सकाळी नवे खजिनदार मोठ्या उत्साहाने बँकेच्या शाखेत हजर होतात. मूर्तिकाराला विसार द्यायचा आहे, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम हवी आहे, नाटकाच्या प्रयोगासाठी सभागृहाचे भाडे भरायचे आहे. हातात मंडळाचे धनादेश-पुस्तक आहे, खात्यात पुरेशी शिल्लक आहे. परंतु खजिनदारांची सही बँकेच्या दप्तरी नाही. काऊंटरवरील कर्मचारी नम्रपणे नकार देतो आणि खजिनदार मनातल्या मनात बँकेला दूषणे देत परततात. मग मूर्तीचा विसार त्यांच्या स्वतःच्या खिशातून जातो, मंडपाचे पैसे कुणा दुसऱ्याच्या खात्यातून जातात आणि मंडळाच्या हिशेबात पहिल्याच महिन्यात असा गुंता होतो की तो पुढे वर्षभर सुटत नाही.

प्रसंग काल्पनिक असला तरी बँकेतील कोणत्याही अधिकाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. निवडणूक माणसाला पद देते. त्या पदाचे काम करण्याची साधने मात्र त्याला निराळ्या मार्गाने मिळवावी लागतात. ही साधने त्याच्या हाती वेळेवर पडावीत यासाठी मावळत्या पदाधिकाऱ्यांनी, सभासदांनी आणि बँकेनेही काय करावयाचे असते, याचा फारसा विचार आपल्याकडे होत नाही.

खाते कोणाचे?

पहिली गोष्ट अशी की खाते संस्थेचे असते, अध्यक्षांचे अथवा खजिनदारांचे नव्हे. संस्था बोलत नाही, सही करीत नाही. ती ठरावाच्या द्वारे आपली इच्छा व्यक्त करते. अमुक दोन पदाधिकाऱ्यांनी संयुक्त सहीने खाते चालवावे, हे बँकेला ठरावानेच कळते. जुना ठराव रद्द झाल्याचे आणि नवा अमलात आल्याचे रीतसर कळेपर्यंत बँकेच्या दृष्टीने जुन्याच सह्या कायम असतात. सभेत झालेल्या टाळ्या शाखेपर्यंत ऐकू येत नाहीत!

अधिकाराचा असा लेखी पुरावा मागण्याची रीत बँकांनीच शोधून काढली असे मात्र नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली, तेव्हा तिच्या घटनेत एक विलक्षण तरतूद होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावयाचे होते. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे कागदावर दाखविल्याशिवाय सभेत बोलण्याचा अधिकार नाही, असा त्याचा अर्थ. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांच्या या संस्थेने दीडशे वर्षांपूर्वी जे तत्त्व स्वीकारले, तेच आज बँक संस्थेच्या खात्याला लावते. खजिनदारांनी सोमवारी आणावयाचे होते ते मंडळाचे मुखत्यारपत्रच.

ते कसे असावे? ठरावात नव्या अधिकृत व्यक्तींची नावे व पदे असावीत, सही कशी चालेल हे असावे (कोणत्याही दोघांची, की खजिनदारांची आणि इतर दोघांपैकी एकाची), जुन्या व्यक्तींचे अधिकार कोणत्या तारखेपासून संपतात हे असावे; आणि बहुतेक ठरावांत नसणारी एक ओळही असावी. मावळत्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या कारकिर्दीत सही करून दिलेले, परंतु अद्याप न वटलेले धनादेश वटवावेत की थांबवावेत? १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे. म्हणजे निवडणुकीनंतरही जवळजवळ तीन महिने जुन्या सहीचे धनादेश शाखेत येऊ शकतात. त्यांची यादी मावळत्या खजिनदारांनी करून दिली आणि ठरावात तिचा उल्लेख झाला, तर ज्याचे पैसे खरोखर देणे आहेत अशा वाजंत्रीवाल्याचा किंवा आचाऱ्याचा धनादेश विनाकारण परत जात नाही.

ठरावाच्या जोडीला सभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत, नव्या कार्यकारिणीची यादी, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र व नियमावली (ती बँकेकडे आधीच नसेल तर) आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांनुसार नव्या अधिकृत व्यक्तींची ओळखपत्रे, छायाचित्रे व नमुना सह्या लागतात. हे सारे सभेच्या दिवशीच तयार ठेवता येते. ठरावाचा मसुदा शाखेतून आधीच तपासून घ्यावा, नावांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवाव्यात आणि नावे घोषित होताच त्या भराव्यात. मावळते चिटणीस एवढे करू शकले, तर रविवारी निवडून आलेल्या खजिनदारांचा सोमवार फुकट जाणार नाही.

मोबाईल क्रमांकाची गोष्ट

पूर्वी सह्यांचे कार्ड बदलले की काम संपे. आता ते तेथे संपत नाही. इंटरनेट बँकिंगचे वापरकर्ता-नाव जुन्या खजिनदारांचे असते. ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतो. खात्यातून रक्कम गेल्याचा संदेशही त्यांनाच. कित्येकदा ते गृहस्थ सज्जन असतात, आलेला ओटीपी दूरध्वनीवरून नव्या खजिनदारांना सांगतातही, आणि दोघांनाही यात काही वावगे वाटत नाही. वस्तुतः ही गोष्ट दुसऱ्याने कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याइतकीच धोक्याची आहे. काही गैरव्यवहार झाला, तर व्यवहार कोणी केला हे सिद्ध करणे दोघांनाही कठीण जाते. तेव्हा सह्यांबरोबरच वापरकर्ता-नावे बंद करून नवी घ्यावीत आणि एकाने व्यवहार नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा, अशी दुहेरी व्यवस्था मागून घ्यावी. वर्गणी गोळा करण्यासाठी लावलेला क्यूआर कोड मंडळाच्याच खात्याशी जोडलेला आहे ना, हेही पाहावे. सोयीसाठी म्हणून कधीकाळी एखाद्या उत्साही सभासदाचा वैयक्तिक कोड चिकटवला जातो आणि तो भिंतीवर तसाच राहतो.

हेच प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरील प्रवेशाचे. संस्थेच्या पॅनवरील नोंदणी जुन्या चिटणिसांच्या ईमेलशी बांधलेली असेल, तर खात्याच्या नोटिसा तेथेच जातात. धर्मादाय संस्थांची करसवलतीची नोंदणी २०२१ पासून मुदतबंद झाली आहे. ती केव्हा संपते, ही तारीख नव्या कार्यकारिणीला पहिल्या बैठकीतच ठाऊक असली पाहिजे. बेंगळुरूतील मंडळांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. सभासदांची मुले अमेरिकेत, जर्मनीत स्थायिक झालेली. उत्सवासाठी कोणी प्रेमाने देणगी पाठवते. देणगीदार भारतीय पारपत्रधारक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवीत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर मात्र तीच रक्कम परदेशी देणगी होते, तिच्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारावी लागते. नव्या खजिनदारांना हे कोणी सांगितले नाही, तर देणगी स्वीकारून आभाराचे पत्र पाठविण्यापलीकडे त्यांना काय सुचणार?

निबंधकांचे चौदा दिवस

कर्नाटकात अशी मंडळे बहुधा १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली असतात आणि त्यांचे दप्तर सहकार खात्यातील निबंधकांकडे असते. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी व तपासलेला ताळेबंद तेथे दाखल करावयाचा असतो. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचा येथे घोटाळा होतो. तेथे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कलम २२ खाली नव्वद दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. तीच सवय मनात ठेवून तीन महिने आहेत असे समजणाऱ्या चिटणिसांचे बेंगळुरूत चौदा दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. शिवाय निबंधक कार्यालयाची पत्रे कन्नडमध्ये येतात. नुकतेच पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीनिमित्त आलेले, तांत्रिक क्षेत्रातील तरुण चिटणीस ती वाचू शकत नाहीत आणि न वाचलेले पत्र फाइलमध्ये लावले जाते. शहाजीराजांच्या काळापासून या शहरात मराठी माणसे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या घरांतील ज्येष्ठ सभासद कन्नड उत्तम जाणतात. त्यांपैकी एकाने पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून एक सायंकाळ चिटणिसांसोबत बसून पत्रव्यवहार समजावून दिला, तर सत्काराच्या भाषणापेक्षा तो अधिक मोलाचा पाठिंबा ठरेल.

निबंधकांकडील यादीचे महत्त्व मतभेद झाले की कळते. कधीकधी दोन गट आपापली कार्यकारिणी खरी असल्याचे सांगत, आपापला ठराव घेऊन शाखेत येतात. खरे कोण, हे ठरविणे बँकेचे काम नव्हे आणि तेवढा अधिकारही तिला नाही. अशा वेळी बँक बहुधा खात्यातील व्यवहार थांबवते आणि सक्षम अधिकाऱ्याचा अथवा न्यायालयाचा आदेश किंवा दोन्ही पक्षांचे संयुक्त पत्र मागते. दोन्ही गट शाखा व्यवस्थापकांवर पक्षपाताचा आरोप करतात, हे वेगळे सांगावयास नको. तोवर पहारेकऱ्याचा पगार आणि बेस्कॉमचे वीजबिल मात्र थांबत नाही.

रानडे आणि गोखले

कागदपत्रांची बाजू येथवर झाली. परंतु नव्या पदाधिकाऱ्याला खरी गरज असते ती माणसाची, आणि याचे उदाहरण पुन्हा सार्वजनिक सभेतच सापडते. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले. जन्म १८६६ चा. म्हणजे वय अवघे चोवीस. शिक्षकी पेशा, संस्था चालविण्याचा अनुभव थोडा. त्यांच्या पाठीशी होते महादेव गोविंद रानडे. रानडे यांनी या तरुणाला पद मिळवून दिले आणि सोडून दिले, असे झाले नाही. सभेची अर्जविनंती कशी लिहावी, सरकारी अहवालातील आकडे कसे वाचावेत, त्रैमासिकातील लेखाचा मजकूर कसा पारखावा, हे त्यांनी वर्षानुवर्षे शिकविले. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाविषयी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे गोखले यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. एकतिशीच्या आसपासच्या त्या तरुणाने राज्यकारभाराच्या जमाखर्चाची जी चिकित्सा केली, तिच्यामागे ही उमेदवारी होती.

याच संस्थेत उलट बाजूही दिसली. १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली आणि टिळकांच्या पक्षाला बहुमत मिळाले. रानडे-गोखले यांचे सहकारी अल्पमतात गेले. गोखले पुढे चिटणीसपदावरून दूर झाले आणि १८९६ मध्ये या मंडळींनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. दोन्ही बाजूंना मोठी माणसे होती आणि त्यांचे मतभेदही तत्त्वाचे होते. त्यांच्या न्यायनिवाड्याचे येथे कारण नाही. मात्र एका संस्थेत वीस-पंचवीस वर्षे साठलेला अनुभव निवडणुकीनंतर नव्या मंडळाच्या हाती उतरण्याऐवजी दुसऱ्या दाराने बाहेर पडला, एवढे खरे. लहान मंडळांत हेच लहान प्रमाणावर घडते. हरलेला गट बाहेर पडताना हिशेबाच्या वह्या नेत नसेल, पण वह्यांत न लिहिलेले सारे घेऊन जातो.

गोखले यांनी यातून काय धडा घेतला, हे त्यांनाच ठाऊक. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करताना त्यांनी सदस्यांसाठी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली, एवढे आपण पाहू शकतो. देशसेवेची तळमळ असलेल्या सुशिक्षित माणसालाही शिकावे लागते, असे त्यांचे मत असले पाहिजे. हा विचार बेंगळुरूत रुजविला तो एका कन्नड साहित्यिकाने. डी. व्ही. गुंडप्पा, म्हणजे कन्नड वाचकांचे डीव्हीजी, यांनी गोखले यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले आणि १९४५ मध्ये गोखले सार्वजनिक विचार संस्था उभी केली. बसवनगुडीजवळच्या नरसिंहराज कॉलनीत, बुल टेंपल रस्त्यावर ती आहे. सार्वजनिक जीवनासाठी नागरिकांचे शिक्षण, हा तिचा हेतू. मराठी माणसाच्या नावाने कन्नड माणसाने चालविलेले हे कार्य बेंगळुरूतील मराठी मंडळांच्या नव्या पदाधिकाऱ्यांनी एकदा तरी जाऊन पाहावे.

कार्यभार देणे आणि घेणे

बँकेत व्यवस्थापकाची बदली होते, तेव्हा जाणारा अधिकारी येणाऱ्याला नुसता हात मिळवून निघून जात नाही. रोकड मोजली जाते, किल्ल्या सोपविल्या जातात, महत्त्वाचे दस्तऐवज पडताळले जातात, थकीत कामांची नोंद होते आणि कार्यभार दिल्या-घेतल्याच्या कागदावर दोघे सही करतात. कर्मचाऱ्यांना हा सोपस्कार कंटाळवाणा वाटत असेल. परंतु पुढे प्रश्न उद्भवला की तोच कागद दोघांचेही रक्षण करतो. मंडळांनी ही रीत उचलण्यास काय हरकत आहे? बँक शिल्लक व तिचा ताळमेळ, न वटलेले धनादेश, मुदत ठेवींच्या पावत्या व त्यांच्या मुदतपूर्तीच्या तारखा, लॉकरची किल्ली, न वापरलेली पावतीपुस्तके, सभागृहासाठी लोकांकडून घेतलेल्या अनामत रकमा, कर्मचाऱ्यांची देणी, चालू असलेले दावे. मुदत ठेवीची पावती तर हमखास विसरली जाते. ती कोणाच्या तरी कपाटात असते, आपोआप नूतनीकरण होत राहते आणि पाच वर्षांनी इमारतीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागताना कोणालाच तिची आठवण नसते.

असा कागद मागणे म्हणजे मावळत्या मंडळींवर अविश्वास दाखविणे, ही समजूत मात्र घट्ट आहे. ज्येष्ठांपुढे नवे खजिनदार संकोचतात. ‘काकांना कसे विचारायचे?’ असे म्हणून जे आहे ते स्वीकारतात. येथे पुढाकार काकांनीच घ्यावयास हवा. विचारण्यापूर्वी यादी पुढे ठेवली, तर संकोचाला जागाच उरत नाही. नव्या पदाधिकाऱ्याच्या डोक्यावर केवढी जबाबदारी येते, याची जाणीव जुन्यांनाच असते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली धनादेश न वटणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि कलम १४१ मधील ‘कंपनी’ या शब्दात व्यक्तींचा संघही येतो. सेवाभावाने पद घेतलेला माणूस शिल्लक नीट न कळल्यामुळे न्यायालयाची पायरी चढला, तर पुढच्या वर्षी त्या पदासाठी नाव कोण देईल? बेंगळुरूतील अपार्टमेंट मालकांच्या संघांतही हीच ओढाताण दिसते: सभेत तक्रारी अनेकांच्या, पण खजिनदारपदासाठी हात वर करणारे दोन.

पाठिंब्यालाही मर्यादा असते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्येक बैठकीला येऊन ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणणारे माजी अध्यक्ष नव्या कार्यकारिणीला बळ देत नाहीत. साधारण तीन महिने मागितली की मदत द्यावी, त्यानंतर सर्वसाधारण सभेत इतर सभासदांच्या रांगेत बसावे, हे बरे. सही बदलल्यावर जुन्या खजिनदारांनी शाखेतील ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे खात्याची शिल्लक विचारू नये, आणि त्याने विचारल्यास कर्मचाऱ्यानेही सांगू नये. वीस वर्षांच्या परिचयामुळे हे अवघड जाते खरे.

आता पुन्हा त्या सोमवारकडे येऊ. नवे खजिनदार शाखेत आले आहेत, परंतु या वेळी एकटे नाहीत; मावळते खजिनदार सोबत आहेत. ठरावाची प्रत, इतिवृत्त, न वटलेल्या सात धनादेशांची यादी टेबलावर आहे. ओळखपत्रे पडताळली जातात, सह्यांचे नमुने घेतले जातात, जुन्या मोबाईल क्रमांकाच्या जागी नवा नोंदविण्याचा अर्ज भरला जातो. मावळते खजिनदार लॉकरची किल्ली आणि मुदत ठेवीची पावती पिशवीतून काढून देतात व त्याची पोच मागतात. मग मूर्तिकाराचा विसार कधी द्यायचा, हे विचारून दोघे समोरच्या दर्शिनीत कॉफी घ्यायला जातात.